अण्णांच्या लाल-हिरव्या ओळी

नव्वदच्या दशकात आमच्या बंगळुरूच्या ऑफिसात कुणी प्रोग्रॅम बदलला की सगळ्यांना ईमेल जायची: काढलेल्या ओळी लाल, नव्या हिरव्या, वर बदलणाऱ्याचं नाव. ही सोय शेजारच्या टेबलावरच्या कानडी अण्णांनी केलेली. प्रत्येक ईमेल ते ओठ हलवत, पोथीसारखी वाचत.

आज आजी झालेली मी तेव्हा अतिशहाणी होते. ग्राहकाला प्रोग्रॅम दाखवायच्या दिवशीच काही ओळी निरुपयोगी म्हणून उडवल्या. प्रोग्रॅम बंद पडला आणि माझ्या नावाची लालभडक ईमेल साहेबांपर्यंत गेली. नोकरी गेलीच म्हणून मी रडू लागले.

अण्णांनी ओळी परत घातल्या. त्यांच्या हिरव्या ईमेलवर टीप होती: “मीच काढायला सांगितल्या होत्या.”

“कधी सांगितलंत?”

“आत्ता, अक्का. स्वल्प… जरा डोळे पुसा.”

साहेब त्यांच्यावर ओरडले, तेव्हा मी त्यांच्या हिरव्या ओळी वाचत होते. ओठ हलवत.