व्याह्यांनी चाखलेली सिगार

माझ्या धारच्या व्याह्यांनी आयुष्यात एकच उंची सिगार चाखली, आणि ती त्यांनी खाल्ली.

हसू नका! मी आजही संतापलेला आहे. आणि या घरात मला वेडा ठरवायचा जो ठराव झालाय, तो मला मुळीच मान्य नाही.

आधी व्याही समजून घ्या. आबासाहेब. यांचे पणजोबा म्हणे धारच्या दरबारात कुठल्याशा मानावर होते. (कुठल्या, ते दर भेटीत बदलतं. गेल्या दिवाळीपर्यंत ते हत्तीवर चढले होते.) मी देवासचा निवृत्त गणित शिक्षक. मुलीच्या लग्नापासून हा गृहस्थ माझ्या घरी येतो, चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, "छान आहे. आमच्याकडे जरा वेगळी पत्ती असते. असो." सोफ्यावर बसतो, "मऊ आहे. असो." अरे, काय असो? मला एकदाच, फक्त एकदाच, या माणसाच्या तोंडून 'असो' न लावता 'वा' ऐकायचं होतं!

ती संधी पुतण्यानं आणली. चिन्मय इंदूरला नोकरी करतो, कंपनीच्या कामानं परदेशी गेला होता. येताना एक सिगार घेऊन आला. एकच. देवदारी लाकडाच्या नळीत, कमरेला सोनेरी पट्टा.

"काका, ये कोई बीडी थोडी है! ओढायची नाही. चाखायची. धूर तोंडात घोळवायचा, गिळायचा नाही. पहले लकडी का टेस्ट, फिर कोको, फिर चमडा, लास्ट में काली मिर्च."

मी जन्मात विडीसुद्धा ओढलेली नाही. पण आबासाहेबांनी तरी सिगार कुठे पाहिली होती? ठरलं. रविवारी जेवायला बोलवायचं, आणि जेवणानंतर सिगार! पंधरा दिवस मी तयारी केली. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, बॉलपेन दातांत धरून डोळे मिटून बसू लागलो. बायको म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

"चव ओळखायचा सराव चाललाय. मधे चामड्याची चव लागते."

"तुम्हाला कशी कळणार? जन्मभर कॅनव्हासचे बूट घातलेत."

रविवारी सकाळी लक्षात आलं की सिगारचं बंद टोक कापायला कात्री चालत नाही, त्याचं वेगळं हत्यार असतं. आमच्याकडे हत्यार एकच, सासूबाईंनी दिलेला पितळी अडकित्ता. म्हटलं, चालेल! पाहुण्यांसमोर कापाकापी बरी दिसत नाही, म्हणून बायकोला आत जाऊन सांगितलं, "हे अडकित्त्यानं कापून ठेव. जेवणानंतर चांदीच्या तबकातून आण."

"किती बारीक?"

मी तेव्हा व्हिडिओ बघत होतो. मान वर न करता म्हणालो, "चाळीस वर्षं अडकित्ता चालवतेस, मी काय सांगू? तुझ्या अंदाजानं कर."

हे वाक्य माझं आहे. कबूल. पण एवढंच कबूल!

आबासाहेब आले. दाल-बाफले झाले, बाफल्यांवर वाटीभर तूप झालं. ("बाफले खुसखुशीत आहेत. आमच्याकडे गोवऱ्यांवर भाजतात. असो.") मी मनात म्हटलं, थांब लेका. दिवाणावर बसवलं, खिडकी उघडली, काडेपेटी खिशात चाचपली आणि सुरुवात केली.

"आबासाहेब, आज तुम्हाला एक चीज चाखवतो. उंची तंबाखू ही घाईची गोष्ट नाही."

बायको तबक घेऊन आली. तबकात चार विडे, लवंग टोचलेले. मी म्हटलं, ठीक, आधी विडे, मागून सिगार. आबासाहेबांनी एक विडा तोंडात टाकला. मी बोलतच होतो. "आधी लाकडाचा सुगंध येतो..."

आबासाहेबांचे डोळे मिटले. "येतोय."

"मग कोको..."

"अहाहा!"

"शेवटी मिरीचा चटका..."

"वा!" आबासाहेब ओरडले. "वा, मास्तर, वा! काय तंबाखू आहे! कुठून आणलात?"

तंबाखू? सिगार तर अजून बाहेर आलीच नव्हती! मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

"सिगार कुठाय?"

"विड्यांत. कातरून घातली की, तुम्ही सांगितलं तशी."

"सगळी?"

"सगळी कशी? चार विड्यांना अर्धी पुरली. अर्धी डबीत भरलीय, आबासाहेबांना न्यायला होईल."

"अगं, ती पेटवायची असते!"

"मग तसं बोलायचं! पंधरा दिवस झाले, चव, चव, चव! लाकूड, मिरी, चामडं! 'ओढू नका, चाखा,' हे तो चिन्मय माझ्यासमोर म्हणाला. रोज पेन चघळत बसत होतात. आपल्या घरात तंबाखू तबकातून येते ती विड्यातच येते. आणि तो सोनेरी कागद मी आधी काढला हं! मी काही वेडी नाही."

म्हणजे वेडा कोण?

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "मास्तर, तुम्ही विडा घेतला नाहीत! यजमानानं विडा घेतला नाही तर पाहुण्यानं काय समजायचं?"

आता सांगा, मी काय करणार होतो? पाच मिनिटांपूर्वी उंची तंबाखूवर प्रवचन दिलेलं. त्यात ही आमच्या लोकांची रीत, पाहुण्याबरोबर विडा नाकारला तर तीन पिढ्या बोलणी खातात. बाहेर आलो. हसलो. आख्खा विडा तोंडात घातला.

धूर गिळायचा नाही हे चिन्मयनं सांगितलं होतं. रसाचं काही बोलला नव्हता, गाढव! व्याह्यांसमोर पिंक टाकणार कुठे? गिळला.

लाकूड लागलं नाही, कोको लागला नाही. थेट चामडं लागलं, आणि तेही पायातून नुकतं काढलेलं. मग पंखा जागेवर थांबला आणि घर फिरायला लागलं. घामाच्या धारा! शुद्ध आली तेव्हा माझं डोकं आबासाहेबांच्या मांडीवर होतं, ते वर्तमानपत्रानं वारा घालत होते आणि तोंडातला दुसरा विडा एका गालात सरकवून ओरडत होते, "विहीणबाई, लिंबू आणा! मास्तरांना पान सोसत नाही!"

पान सोसत नाही! मला! ज्याची सिगार, ज्याचा बेत, त्याला!

संध्याकाळी ते डबी खिशात घालून धारला गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तंबाखू अव्वल होता हो. पण सवय नसेल तर माणसानं हट्ट करू नये." 'वा' मिळाला. पण तो कोणाला मिळाला, सांगा!

गेल्या महिन्यात नातवाच्या बारशाला धारला गेलो. जेवणं झाली, तबक फिरू लागलं. माझ्यापाशी येताच आबासाहेबांनी भर बैठकीत हात आडवा घातला. "यांना नको! हे आमचे देवासचे व्याही, तब्येतीनं नाजूक आहेत. यांना पोरांच्या ताटातलं द्या." आणि माझ्यापुढे गुलकंदाचं, खोबऱ्याचं, वर लाल चेरी टोचलेलं गोड पान आलं! पन्नास माणसं बघत होती. रागानं माझे कान तापले. म्हटलं, आता ताडकन उठायचं आणि सगळ्यांदेखत सुनवायचं.

उठलो. पान हातात घेतलं. आणि त्या वाढणाऱ्या बाईंना हळूच विचारलं, "यात सुपारी तर नाही ना?"