रंगूबायला जामीन

मासळीबाजार उठला की वेणूबाई घरी जायची नाही. टोपली सुनेच्या हाती द्यायची, खाडीवर हंडा भरायचा आणि तडक पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात. वाटेत कोणी विचारलंच, "कुठं निघालीस गो?" तर उत्तर ठरलेलं. "सासूला आंघोल घालाया."

सासू म्हणजे होडी. भिकूने, तिच्या नवऱ्याने, आपल्या आईचं नाव तिला दिलं होतं, 'रंगूबाय'. खरी रंगूबाय केव्हाच गेली, मागोमाग भिकूही गेला. राहिली ती ही लाकडाची, आणि आता तीही अटकेत.

त्याचं असं झालं. वेणूबाईच्या मुलाच्या, विनेशच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तेवढ्यापुरती होडी चंदरला वाट्याने दिली. चंदर वाडीतलाच, भिकूचा लांबचा पुतण्या. त्याने जाळ्यांऐवजी चोरटं डिझेल भरलं आणि मांडव्याच्या अलीकडे पकडला गेला. डिझेल जप्त, चंदर जप्त, होडी जप्त. पोलिसांनी क्रेनने तिला वर ओढलं, फोटो काढले, पंचनामा केला, आणि गंजक्या मोटारसायकलींच्या रांगेत ती मुद्देमाल होऊन बसली.

पंधरवडा गेला नाही तोच चंदर जामिनावर सुटून आला. वेणूबाई ओट्यावरून त्याला बघत म्हणाली, "चोराला जामीन हाय. माजी होरी काय पलून जानार व्हती?"

लाकडाची होडी उन्हात ठेवली की मरते. फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात, मग ती पाण्यात घातली तरी चाळणी. वाडीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. कायद्याला ठाऊक नव्हतं. म्हणून हा हंडा.

पहिल्या दिवशी रतन हवालदाराने दांडकं आडवं धरलं. "आजी, मुद्देमालाला हात लावायचा नाही."

"हात कोन लावते? पानी घालते."

"पाणीसुद्धा नाही. पुरावा आहे तो."

"बापा, तुजा पुरावा उन्हात फुटतंय. उद्या कोरटात काय नेशील, सरपान?"

रतनने इकडेतिकडे बघितलं आणि दांडकं खाली घेतलं. पुढे पुढे तोच विचारायला लागला, "आजी, सासूबाई बऱ्या आहेत ना?"

"तुज्या राज्यात हाय, कशी बरी असल?"

पावसात ती होडीवर ताडपत्री बांधायची, कारण गोड्या पाण्याने लाकूड कुजतं. पाऊस सरला की पुन्हा हंडा. होडी सोडवायचा अर्ज कधीच दिला होता. तारीख पडायची, तपास अधिकारी बंदोबस्तावर असायचे, पुन्हा तारीख पडायची. विनेश तोवर न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात लागला. लंगडत घरी यायचा आणि चिडायचा. "आये, मरू दे ती. लाकूड हाय."

"लाकूड हाय म्हनूनच," वेणूबाई म्हणायची. तिला पक्कं माहीत होतं, होडी गेली तर हा पोरगा दर्यावर परत फिरायचा नाही.

दुसऱ्या वर्षीची नारळी पुनव आली. वाडीतल्या सगळ्या होड्या रंगून तयार. वेणूबाईच्या जीवाला ते सोसेना. ठाण्यातले झाडून सगळे बंदोबस्ताला गेलेले बघून तिने ताडपत्रीखाली बसून रंगूबायला नवा हिरवा रंग दिला, वर पिवळा पट्टा, पुढच्या टोकाला, नाळेला, हळदकुंकू आणि नारळ. रतन परत आला आणि डोक्याला हात लावून तिथेच बसला.

"आजी, काय केलंस हे! पंचनाम्यात निळी होडी आहे."

"निली व्हती तवा निली व्हती. पुनवेला बिनरंगाची होरी कोन ठेवते?"

गणपती झाले आणि नेमकी तारीख लागली. सरकारी वकील उठले. पुराव्यात फेरफार झालाय, पंचनाम्यातली ही होडीच नव्हे, अर्ज फेटाळावा. वेणूबाईची वकीलबाई, मृणाली, दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, कुणी रंगवली ते ठाऊक नाही म्हणा."

"का? मीच रंगवली." वेणूबाई उभीच राहिली. "साहेब, मी रंगवली. त्या रतन हवालदाराचा काय गुना न्हाय. पुनव आयली व्हती."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. तपास अधिकाऱ्यांना विचारलं, "पकडलं त्या दिवशी फोटो काढले होते?"

"हो सर. चहूबाजूंनी."

"नंबर?"

"लाकडात कोरलेला आहे, सर. रंगाखालून दिसतो."

"मग खटल्याला होडी लागते कशाला? फोटो काढून माल मालकाला द्यायची सोय नव्या कायद्यात आहे. जुन्यातही होती. ही बाई आरोपी आहे का?"

"नाही सर. साक्षीदार."

"म्हणजे साक्षीदाराची होडी आत आणि आरोपी बाहेर." साहेब लिहायला लागले. आजचे फोटो काढावेत, होडी बंधपत्रावर परत द्यावी, विकू नये, खटला संपेपर्यंत रंग बदलू नये.

"म्हंजे फुडल्या पुनवेला?"

"द्या रंग, पण हाच. हिरवा."

"आनि खटला कवा संपल, साहेब?"

साहेबांनी शिरस्तेदाराकडे पाहिलं. शिरस्तेदाराने पुढची फाइल उचलली.

मोठ्या भरतीला होडी पाण्यात उतरवली. ढकलायला वाडी होती, बाजूने चंदरही होता, मान खाली घालून. लाटेने होडी उचलली तसा विनेश वर चढला आणि वेणूबाई तिथेच गुडघाभर पाण्यात थांबली. रतन साध्या कपड्यात काठावर उभा.

"बग रं, पानी येतं का?"

विनेश वाकला. तळाला हात लावून बराच वेळ बघत राहिला. फळ्यांमधून पाणी झिरपत होतं. दोन तांबे जमलं असेल. त्याने ते उपसून बाहेर टाकलं आणि फळ्या पाण्याने फुगेपर्यंत पुन्हा हात लावून बसला. मग डोकं वर काढलं.

"थांबलं, आये."

वेणूबाईने हंडा काठावर रतनच्या पायाशी ठेवला. "ने घरी. माला आता न्हाय लागत." आणि साडीचा कासोटा आवळत ती सासूच्या अंगावर चढली.