आत्याबाईंचं इन्सुलिन आणि विलासची घरगाडी

वर्ध्याहून निघालो तेव्हा आमच्या घराला चाकं होती, निदान माझ्या नवऱ्याचा, विलासचा, तसा दावा होता. जुन्या डिझेल व्हॅनमध्ये त्यानं गादी, पंखा, छोटा टीव्ही आणि बॅटरीवर चालणारा डब्याएवढा फ्रीज बसवला होता. ते भारनियमनाचे दिवस. “गावाची लाइट गेली तरी आपली जात नाही,” असं तो गल्लीभर सांगत हिंडायचा. फ्रीजमध्ये त्याच्या आत्याबाईंचं इन्सुलिन होतं. त्याच भरवशावर त्या कित्येक वर्षांनी गावाबाहेर पडल्या होत्या.

गिरडला टेकडीवर दर्ग्याचं दर्शन घेतलं, सुपारीसारखे गोल दगड पाहिले आणि उतारावर लावलेल्या व्हॅनमध्ये बसून सांबारवडी (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर) खाल्ली. विलासनं इंजिन बंद करून पंखा आणि क्रिकेट दोन्ही लावलं. बाहेर डांबर पाघळत होतं. बघता बघता टीव्ही विझला, मग पंखा आणि फ्रीजही थांबले. चावी फिरवली, तर इंजिन नुसतं ‘टक्’ म्हणालं.

“दोन बॅटऱ्या आहेत ना?” मी विचारलं. “एक इंजिनची, एक घरची?”

“हो, पण एकमेकींना जोडल्यात. गाडी चालताना दोन्ही चार्ज होतात.”

“आणि उभी असताना?”

तो बॉनेट उघडायला उतरला. उभी असताना टीव्हीनं दोन्ही पिऊन टाकल्या होत्या. इंजिनची बॅटरी वेगळी तोडणारा स्विच मध्ये हवा होता. तो बसवायचा सोडून साहेबांनी पडदे शिवून घेतले होते.

“काऊन रे,” आत्याबाई कडाडल्या, “मॅचपायी माह्यं औषध शिजवून राह्यला काय?”

गावातही लाइट नव्हती. मी इन्सुलिनची बाटली घेऊन जवळच्या शरबताच्या दुकानात धावले. मागून आत्याबाई ओरडल्या, “बर्फाले लावू नोको, गोठून जाईन!” दुकानवाल्या बाईनं काही न विचारता आपल्या थर्मासातला चहा ओतून टाकला, तो विसळला आणि त्यात माठाचं पाणी भरलं. “माह्या सासूलेही हेच लागते,” ती म्हणाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली बाटली आत सोडली आणि तिनं थर्मासच माझ्या हाती दिला.

दर्शनाला आलेल्यांनी व्हॅन उतारावरून ढकलली. “आता सोडा क्लच, भाऊ!” कुणीतरी ओरडलं. गचका बसला, काळा धूर निघाला, इंजिन लागलं.

आता ते बंद करायची छाती कुणाची? वाटेत जाम गावच्या चौफुलीवर आम्ही धडधडत्या गाडीत चहा प्यायलो. हॉटेलवाला वैतागला, “बंद करा न ते, चहात धूर येऊन राह्यला!” विलासनं नुसते हात जोडले.

घरापुढे पोचलो तरी तो स्टिअरिंग धरून बसलेला. चाकांवर घर नेणं सोपं, पण घरचा भरवसा मात्र रस्त्यावरच्या माणसांकडूनच मागून घ्यावा लागतो, असं काहीसं माझ्या मनात येत होतं. तेवढ्यात आत्याबाईंनी वाकून स्वतःच इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

“पोचलो न बाप्पा,” त्या थर्मास पोटाशी धरून म्हणाल्या. “उद्या वायरी नीट कर. वडनेरले माही बहीण हाय, लय वर्सं झाले तिले पाह्यलं नाई.”