पातेल्यातलं नाणं

मिस लुवेनियांच्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकलेला माणूस ॲव्हलॉन रस्त्यावर सापडायचा नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्यांच्या हॉटेलला लागूनच माझं केस कापायचं दुकान आहे, मधली भिंत पातळ आहे आणि माझे कान तिखट आहेत.

बाई मूळच्या मिसिसिपीच्या. एकोणिसाव्या वर्षी लॉस एंजेलिसला आल्या, तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबल्या आणि निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून हॉटेल काढून बसल्या. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, चवळी आणि डुकराचं धुरावलेलं हाड घालून दोन-तीन तास शिजवलेली कोलार्डची पालेभाजी. पाटीवर नाव 'लुवेनियाज किचन'. चार महिने झाले नाहीत तोच समोर एक मेक्सिकन बाई हातगाडीवर तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे सालात बांधून वाफवलेले उंडे, विकायला उभी राहू लागली. ही कूका. मिस लुवेनिया तिला हाकलायला म्हणून तरातरा बाहेर गेल्या आणि तामाले खात परत आल्या.

"पीठ कोरडं आहे," त्यांनी दारातून सांगितलं.

"तुमचं तोंड कोरडं असेल," कूका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोलार्ड शिजवलेलं पाणी डबाभर नेऊन तिच्या गाडीवर आदळलं. हिरवंगार, खारट, वर चरबीचा तवंग. "यात मळून बघ." कूकाने पीठ त्यात मळलं, आत भाजीही भरली, आणि आठवडाभरात गाडी मागच्या अंगणात गेली नि कूका स्वयंपाकघरात. त्याला आता तेवीस वर्षं झाली. पुढे कूकाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मिस लुवेनिया धर्ममाता झाल्या. तेव्हापासून कूका त्यांना कोमाद्रे म्हणते. लेकीच्या निमित्ताने जडलेली बहीण, असं समजा. दोघी दिवसभर भांडतात. ज्या दिवशी भांडत नाहीत त्या दिवशी मला चैन पडत नाही.

गेल्या वर्षी आमच्या चर्चला पंचाहत्तर वर्षं झाली. तिथल्या वडीलधाऱ्या बायका जेवणाला बाहेरचा हात लावू देत नाहीत. या वेळी मात्र त्यांनी दोनशे चाळीस तामाले सांगितले, शनिवारी दुपारी दोनला. मिस लुवेनिया आठवडाभर जमिनीवर नव्हत्या. त्याच चर्चमधल्या बायका इतकी वर्षं त्यांच्या हॉटेलातल्या सरमिसळ जेवणाकडे बघून नाकं मुरडत आल्या होत्या.

शुक्रवारी ओट्यावर दोन पातेली होती. एकात कोलार्डचं पाणी, दुसऱ्यात कूकाने निवडुंगाची पानं उकडली होती त्याचं बुळबुळीत पाणी. दोन्ही हिरवी. पहिलं जपायचं, दुसरं फेकायचं. कूकाने चष्मा लावला नव्हता आणि तिने नेमकं पहिलं मोरीत ओतलं.

"बावीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात काढलीस," मिस लुवेनिया म्हणाल्या, "आणि अजून पाणी ओळखता येत नाही?"

भिंतीपलीकडून कूकाचा आवाज आला, "बरं, मिसेस टार्पली."

वस्तरा माझ्या हातातच राहिला. कोमाद्रेची मिसेस टार्पली झाली म्हणजे गोष्ट पाण्याची राहिली नव्हती, 'माझ्या' या शब्दाची झाली होती. संध्याकाळी बाईंनी नवी भाजी शिजवली, कूकाने पीठ मळलं, दोघींनी शेजारी बसून दोनशे चाळीस तामाले मक्याच्या सालात बांधले. एक शब्द नाही. मीठ हवं असलं तरी मला हाक मारायच्या, "सायलस, तिला विचार, मीठ कुठंय."

शनिवारी सात वाजता कूकाने मोठं पातेलं चढवलं. तळाच्या पाण्यात नाणं टाकायची तिची रीत आहे, पाणी उकळत असलं की ते खडखडत राहतं. दीड-दोन तासांत शिजायला हवं. दहा वाजता झाकण काढलं तर पीठ सालाला चिकटलेलं, कच्चं.

"रागावलेल्या माणसाने पातेल्याला हात लावला की असंच होतं," कूका माझ्याकडे बघत म्हणाली. "आता जिला राग आलाय तिने पातेल्यापुढे नाचायचं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मग नाच म्हणावं तिला."

"मी कुठे रागावलेय? मला वाईट वाटलंय. वाईट वाटल्याने तामाले कच्चे राहत नाहीत."

मिस लुवेनियांनी कमरेवर हात ठेवले. "चर्चमध्ये पवित्र आत्मा अंगात संचारला तर गोष्ट वेगळी. भांड्यापुढे नाचणार नाही मी. आईला शब्द दिलाय, नाचाच्या वाटेला जाणार नाही म्हणून."

"मिस लुवेनिया, दोन वाजता गाडी येईल," मी म्हणालो.

"तू जाऊन लोकांची डोकी भादर, सायलस."

मी हललो नाही. कूका खुर्चीवर बसून चष्मा पुसत होती, डोळे लाल. मिस लुवेनियांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग चपला काढल्या, एप्रनची टोकं धरली आणि त्या बहात्तर वर्षांच्या बाई पातेल्यापुढे डोलू लागल्या. आधी नुसते खांदे, मग कंबर. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला सांगू. त्यांची पाठ वळली तशी कूका उठली आणि तिने शेगडीचं बटण हळूच मोठ्या आचेवर फिरवलं. मी पाहिलं. थोड्या वेळाने तळाशी नाणं खडखडायला लागलं, त्या ठेक्यावर बाईंचे पाय पडू लागले, आणि कूकाही पदर खोचल्यासारखा एप्रन खोचून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"कोमाद्रे, गुडघे सांभाळा," ती म्हणाली.

साडेबाराला तामाले सालापासून सुटे झाले. चर्चमधल्या सगळ्यांत खडूस म्हातारीने तीन खाल्ले, एक पर्समध्ये टाकला आणि विचारलं, कुणाच्या हातचे? मिस लुवेनियांनी कूकाला दंडाला धरून पुढे ओढलं. "आमच्या," म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी त्या केस कापायला आल्या. माझ्या पोटात काही राहत नाही. बटणाची गोष्ट मी सांगून टाकली.

"त्या सकाळी नाणं वाजत होतं?" त्यांनी आरशातून विचारलं.

"नाही."

"मग मी काय बहिरी आहे? सातपासून ठाऊक होतं मला, आच मंद ठेवलीय."

"मग नाचलात कशाला?"

त्यांनी आरशातून नजर काढली. "जीभ वळेना रे. म्हटलं, पाय तरी वळतील." मग मान ताठ केली. "आणि कूकाला सांगशील तर बघ. तिला वाटू दे, मी फसले म्हणून."

मी मान डोलावली आणि कात्री उचलली. भिंतीपलीकडे भांडी घासायचा आवाज केव्हाच थांबला होता.