उबेला ठेवलेल्या डहाळ्या

२००७ साली डार्मश्टाटजवळ आम्ही घर घेतलं. अंगणात सफरचंदाचं झाड होतं, म्हणून मार्चमधल्या एका शनिवारी मी लांडराट्सआम्टच्या, म्हणजे जिल्हा कार्यालयाच्या, कलमांच्या वर्गाला गेलो. आम्ही अकरा जण होतो. माझ्या शेजारी पंच्याहत्तरीचे एक आजोबा बसले होते. ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी पाच डहाळ्या आणल्या होत्या. त्यांवर पानं फुटली होती, कळ्याही आल्या होत्या.

“बायकोने माहेरून आणलेलं झाड,” ते मला म्हणाले. “ती ऑक्टोबरात गेली. झाड जानेवारीतल्या वादळात पडलं. एवढंच उरलंय.”

शिक्षिकेने डहाळ्या पाहिल्या आणि हळूच खाली ठेवल्या. कलमाची डहाळी थंड वाळूत, झोपलेली, म्हणजे कोंब न फुटलेली, ठेवायची असते. पानं फुटलेली डहाळी जोडली तर जगत नाही, असं तिने सांगितलं.

“थंडीने मरतील म्हणून मी हीटरपाशी पाण्यात ठेवल्या हो,” आजोबा म्हणाले.

आजारी माणसाची घ्यावी तशी काळजी त्यांनी घेतली होती आणि नेमकी तीच नडली.

“वाण कोणता? रोपवाटिकेत विचारून बघते,” शिक्षिका म्हणाली.

“नाव बायकोलाच ठाऊक होतं.”

दुसऱ्या वाणाची डहाळी त्यांनी घेतली नाही. माझ्या कलमाची सैल पट्टी मात्र न सांगता घट्ट करून दिली. निघताना त्यांनी शिक्षिकेला विचारलं, “या फुलतील तरी का?”

“हो, आठवड्याभरात.”

“मग पुढच्या रविवारी तिच्या कबरीवर नेतो,” असं म्हणून ते फडकं भिजवायला नळाकडे गेले.