झाकण लावलेल्या बरण्या

काचबाईंच्या रागाला कारण लागतं असं नाही, पण कारण मिळालं तर त्या ते वाया जाऊ देत नाहीत. दूधवाला, शेजारीण, टीव्हीवर बातम्या सांगणारा माणूस, सगळ्यांनी त्यांचा प्रसाद खाल्लेला आहे. सूनबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिले सहा महिने ती चालतानासुद्धा पाय उचलून चालायची. पुढे तिच्या लक्षात आलं, की सासूबाई शिव्या माणसाला कमी आणि कामाला जास्त देतात. मग ती नीट चालायला लागली.

काचबाई हे नाव त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत पडलं. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काचेची भांडी धुतली. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, पोटं सुटलेले चंबू. काच त्यांना कानाने कळते. नखाने टिचकी मारायची. धड काच टण्णकन उत्तर देते, आतून दुखावलेली काच ठक् करते आणि गप्प बसते. एकदा त्यांनी असाच एक ठक् करणारा चंबू बाजूला काढून प्रयोग घेणाऱ्या सरांना सांगितलं होतं, "हा तापवू नका." सरांनी तो उजेडात फिरवून बघितला. त्यांना काही दिसलं नाही. "चालतंय हो बाई," म्हणाले. चालला, दहा मिनिटं. मग फुटला, आणि एका विद्यार्थिनीच्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलवटून निघाली. चौकशी झाली आणि कागदावर आलं, 'भांडी धुणाऱ्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.' सर पुढच्या वर्षी विभागप्रमुख झाले. काचबाईंना त्या कागदावर सही करायला लावली, आणि घरी दोन लहान मुलं होती म्हणून त्यांनी ती केली. त्या सहीचा राग अजून उतरलेला नाही, आणि का उतरावा?

नोकरी संपल्यावर बाई स्वस्थ बसतील अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या, तान्ह्या बाळांच्या खाऊच्या छोट्या बरण्या लोक कचऱ्यात टाकतात, हे बघून त्यांचं पित्त खवळायचं. अख्खी, धड काच! मग त्यांनी त्या गोळा करायला सुरुवात केली आणि त्यांचे मेणबत्ती ठेवायचे दिवे करायला लागल्या. बरणी रात्रभर सोड्याच्या पाण्यात बुडवायची, लेबल सोलायचं, चिकट डाग खायच्या तेलाने पुसायचा. बाहेरून रंगीत पातळ कागद डकवायचा, गळ्याला पितळी तारेचे वेढे द्यायचे, तारेला पीळ भरून कडी काढायची. तळाशी दोन बोटं वाळू, वाळूवर मेणबत्ती. आत ज्योत लागली, की काल ज्यात जॅम होता ती वस्तू अशी काही दिसायची, की बघणारा लगेच किंमत विचारायचा.

यात एक अडचण होती. तारेचा पीळ जितका घट्ट, तितकी बरणी देखणी. पण घट्ट पिळाने काचेचा गळा आवळला जातो आणि कधीकधी आतल्या आत दुखावतो. म्हणून सगळं झाल्यावर शेवटची टिचकी. टण्ण म्हणाली तर बरणी पास. ठक् म्हणाली, की काचबाई तिला एक शिवी देऊन तिचं झाकण गच्च लावून टाकत. झाकण लागलं म्हणजे ती नापास. जिच्यात मेणबत्ती घालायचीच नाही, तिचं तोंड उघडं ठेवायचं कशाला? अशा बरण्या खिडकीखाली रांगेत उभ्या असत. तार सोडवून पुन्हा वापरायची होती, पण ते काम दोन वर्षं मागे पडत होतं. पास झालेल्या बरण्या मात्र मोरीवरच्या फळीवर, जुन्या चादरीखाली, उघड्या तोंडाच्या. ही रीत काचबाईंना माहीत होती. दुसऱ्या कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्या सामानाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा घरचा कायदा होता.

गावात एक हॉटेल गच्चीवर नवं दालन उघडणार होतं. तिथल्या मॅनेजरने पंधरा टेबलांसाठी तीस बरण्या मागितल्या. टेम्पो दुपारी चारला येणार होता. त्याच दिवशी काचबाईंच्या दाढेने दगा दिला, आणि त्या सकाळीच दाढ काढायला गेल्या.

टेम्पो आला दुपारी दोनला. सूनबाईने फोन लावला. फोन पिशवीत आणि काचबाई दवाखान्यातल्या खुर्चीत तोंड वासून. टेम्पोवाला खालून ओरडत होता. सूनबाईने खोलीत पाहिलं. खिडकीखाली बरण्यांची रांग, एकीपेक्षा एक सुंदर, प्रत्येकीला व्यवस्थित झाकण. धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं, दुसरं काय? तिने तीस बरण्या निवडल्या. आत वाळू नाही म्हटल्यावर सासूबाई दुखण्यात विसरल्या असतील असं तिला वाटलं. तिने प्रत्येकीत वाळू भरली, नीट दोन बोटं मोजून. वर्तमानपत्रात गुंडाळून खोकी बांधली आणि रवाना केली. मग तिने हुश्श केलं. पहिल्यांदाच सासूबाईंचं काम आपल्या हातून निभावलं, याचा तिला आनंद झाला होता.

साडेतीनला काचबाई परतल्या. गाल सुजलेला, दाढेच्या जागी कापसाचा बोळा, आणि तासभर बोलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. खिडकीखालची बरीचशी फरशी मोकळी दिसली. त्यांनी फरशीकडे बोट दाखवलं.

"दिल्या ना आई! टेम्पो लवकर आला. वाळू राहिली होती ती पण घातली मी," सूनबाई हसत म्हणाली.

काचबाईंनी मोरीवरची चादर ओढली. पास झालेल्या तीस बरण्या जागच्या जागी. त्यांच्या तोंडून जे निघालं ते कापसामुळे कुणालाच कळलं नसतं. त्यांनी बोळा काढून मोरीत फेकला.

"नापास! त्या सगळ्या नापास आहेत! ज्योत लागली की फुटतील!"

"पण झाकणं लावलेली होती..."

"म्हणून तर!"

सूनबाई म्हणाली, "मला कसं कळणार? तुम्ही कधी सांगितलंत?"

सूनबाईचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की काचबाईंचा राग दुप्पट होतो. त्या राग गिळणाऱ्यातल्या नव्हेत, पण हा घोट त्यांना घ्यावा लागला. तोंडात रक्ताची चव होती. "उचल," एवढंच म्हणाल्या. दोघींनी मिळून चांगल्या तीस बरण्या खोक्यांत भरल्या आणि रिक्षा केली.

गच्चीवर टेबलं मांडून झाली होती. पांढरी कापडं, कागदी फुलं, आणि प्रत्येक टेबलावर दोन-दोन नापास बरण्या ऐटीत उभ्या. मॅनेजर खूश होता. "काकू, काय काम केलंय! फोटोसुद्धा काढून झाले."

"चुकीच्या आल्यात. या घ्या, त्या परत द्या."

मॅनेजरने नव्या खोक्यातली एक बरणी उचलली, टेबलावरच्या बरणीशेजारी ठेवली आणि नाक मुरडलं. फरक आंधळ्यालाही दिसला असता. पास झालेल्या बरणीचा पीळ सैल होता, साधा होता. "ह्या नकोत मला. त्याच राहू द्या."

"त्यांचे गळे दुखावलेत. मेणबत्ती अर्धी होईपर्यंत काच जाईल."

त्याने एक बरणी उन्हात धरून फिरवली. "कुठे काय आहे? दाखवा."

काचबाईंनी दोन्ही बरण्यांवर टिचकी मारली. टण्ण. ठक्. "ऐका."

मॅनेजर हसला. वेटर हसले. "अहो काकू, तासाभरात पाहुणे येतील. एवढं काय, चालतंय!"

हा शब्द काचबाईंनी आधी एकदा ऐकलेला होता. काचबाईंनी पहिल्या टेबलावरच्या दोन्ही बरण्या उचलून खोक्यात टाकल्या. मग दुसऱ्या. मॅनेजर आडवा आला.

"हात लावू नका! माल आता आमचा आहे."

"बाजूला व्हा!" गच्ची दणाणली. "माझ्या हातची काच आहे ही! कुणाच्या हातावर फुटली तर तुम्ही काय लिहिणार? बरणीवालीने चूक केली! फुटायच्या आधी सांगितलं होतं, हे लिहाल? लिहाल का? बाजूला व्हा, नाहीतर इथेच एकेक आपटते!"

सुजलेल्या गालाची, ओठाच्या कोपऱ्यात रक्त आलेली बाई बघून मॅनेजर बाजूला झाला. सूनबाई दुसऱ्या टोकाने बरण्या उचलत सुटली. पाच मिनिटांत टेबलं मोकळी झाली. चांगल्या बरण्या मॅनेजरने ठेवून घेतल्या नाहीत. "डोकं फिरलंय बाईचं. पुन्हा पायरी चढू नका," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. त्या संध्याकाळी गच्चीवर बरण्यांविना दालन उघडलं, पाहुणे जेवले, कुणालाही काही झालं नाही. कुणालाही काही झालं नाही, म्हणूनच गावभर काचबाई वेड्या ठरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सूनबाईने मोरीत त्या तीसही बरण्या मांडल्या, सगळ्यांत मेणबत्त्या पेटवल्या आणि दारात स्टूल टाकून बसली. काचबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या. अर्धा तास झाला. काही नाही. पाऊण तास झाला. सूनबाईच्या तोंडावर शंका दिसायला लागली होती, आणि ती त्यांना दिसत होती.

मग एक बरणी फट्कन गेली. वितळलेलं मेण आणि काच उडून समोरच्या भिंतीला लागली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी गळ्यापासून उभी उकलली. उरलेल्या सत्तावीस शेवटपर्यंत शांतपणे जळल्या आणि विझल्या.

सूनबाईने भिंतीवरचं मेण बघितलं, बरण्या मोजल्या आणि हलकेच म्हणाली, "तीनच?"

"तीनच?" काचबाई कडाडल्या. "कुठल्या तीन टेबलांवर ठेवल्या असत्यास? तिथे कोण बसलं असतं? नाव सांग! एकाचं तरी सांग!"

सूनबाई उठली. उरलेल्यांतली पुढे कुठली फुटेल, हेही कुणाला सांगता येणार नव्हतं. तिने माळ्यावरून जाडं पोतं काढलं, सत्तावीस बरण्या एकेक करून त्यात घातल्या, तोंड बांधलं आणि बत्ता उचलला. पहिला घाव घालताना तिचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्यापासून उघडे होते. काचबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि पोतं हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.