खाऱ्या पाण्याची चूळ

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हा कागद कुणाच्या हाती पडलाच तर त्याबद्दल माफी असावी. कुणाला दाखवायला मी लिहीत नाही. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, कीर्तनालासुद्धा मी खांबाआड बसते. पण जे घडलं ते मनात नीट लागत नाही, एकावर एक पडतं. लिहिलं तर निदान मला तरी उमजेल, म्हणून बसले आहे.

आमचं गाव दुसरबीडजवळ. माझे मालक बोअरच्या गाडीवर कामाला होते. महिनोन् महिने बाहेर असायचे. ते एचआयव्हीनं गेले आणि जाताना तो आजार माझ्या अंगात ठेवून गेले. मी त्यांना दोष देऊन पाहिला, त्यानं काही हलकं झालं नाही, मग सोडून दिला. घरात मी आणि सासूबाई. त्यांना सगळं माहीत आहे, पण त्या आजाराचं नाव घेत नाहीत, 'त्याचं दुखणं' म्हणतात. सरकारी दवाखान्यातून दर महिन्याला गोळ्या मिळतात. देवापुढचा दिवा एखादे दिवशी राहिला असेल, गोळी कधी राहिली नाही. त्यामुळे मला वाटायचं, आपलं काय ते देवाशी चुकतं झालं, आता पुढं काही येणार नाही.

गोळ्या सुरू होण्याआधी माझ्या तोंडात दह्यासारखं पांढरं यायचं. तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलं आणि ते गेलं. काही वर्षांनी खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला पुन्हा पांढरं दिसलं. मला वाटलं, तेच परत आलं. पण आधीचं फडक्यानं पुसलं की निघायचं, हे निघेना. म्हणून मी मिश्री जास्त घासू लागले. मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात, कीड मरते, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. दवाखान्यात दर वेळी विचारायचे, तंबाखू खाता का? मी अगदी स्वच्छ मनानं नाही म्हणायची. तंबाखू बाप्ये खातात. मिश्री ही दात घासायची वस्तू, चुलीजवळच्या कोनाड्यात मिठाशेजारी ठेवलेली. उपासाच्या दिवशी तर तिचाच आधार. पोटात काही नसलं की भोवळ येते, आणि मिश्री उपासाला चालते, ती गिळायची नसते. मंगळवारी, चतुर्थीला मी रोजच्यापेक्षा जास्तच लावायची.

पोळ्यानंतर तो चट्टा कडक झाला. कडेनं लाल दिसू लागला. तिखट सोसेना, भाकरीचा पापुद्राही टोचायचा. दवाखान्यात गोळ्या आणायला गेले तरी मी तोंड उघडून दाखवलं नाही. काऊन नाही दाखवलं, ते मला आजही सांगता येत नाही. एका अंगात देव दोन आजार ठेवील असं वाटत नव्हतं, आणि ठेवले असतील तर ऐकायचं नव्हतं. शेजारीण म्हणाली, लोणारच्या सरोवराचं पाणी अंगाच्या डागांवर चांगलं, खरूज-नायटा जातो. मग मी सरोवराकाठच्या देवीला नवस बोलले. पाच मंगळवार निरंकार उपास, दर्शन, आणि त्या पाण्याची चूळ. माझं मी तुझ्यावर टाकलं माय, असं म्हणून मोकळी झाले.

दोन मंगळवार झाले. तिसऱ्या मंगळवारी झाडीतून पायवाटेनं खाली उतरले, काठाशी बसून मिश्री लावली आणि मग ओंजळीत पाणी घेतलं. ते पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं, आणि तोंडात घेतलं की चट्ट्यावर आग आग होते. मी मनाशी म्हणायची, आग होते म्हणजे जळतंय. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "थांब वं! काय करून राह्यली?"

मागच्या दगडावर एक बाई बसली होती. वयानं माझ्यापेक्षा मोठी, पदर अर्ध्या तोंडावर ओढलेला. बोलणं जड, तोंडात घास धरून बोलल्यासारखं. मी कुणाशी बोलणारी नाही, पण उपासानं डोकं हलकं झालं होतं, म्हणून असेल, तिला सांगून टाकलं की तोंडात डाग आहे.

"कव्हापासून?"

"पोळ्यापासून कडक झाला."

तिनं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, हिरडी पाहिली आणि आपला पदर बाजूला केला. तिचा एका बाजूचा जबडाच नव्हता. गाल आत गेलेला, कातडी शिवलेली. मला भीती वाटली, पण नजर काढता आली नाही.

"पाह्य नीट," ती म्हणाली. "म्याबी अंगारे लावले, जडीबुटी केली, सालभर. डाक्टर म्हणे, आधी आली असतीस तर जबडा वाचला असता."

मी खाली पाहून म्हणाले, मला दुसराही आजार आहे. नाव घेतलं नाही, पण ती समजली. दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर तसलीच एक पोरगी होती म्हणे, तरणीताठी. "तिले डाक्टर सांगे, तुम्हा लोकाईले हे लवकर धरते. तू तं दोन दोऱ्या गळ्यात घालून पाण्यात उभी हायेस, आन् वरून मिश्री! सोंगच हाय तुहं."

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जा, म्हणाली. मी म्हणाले, जायला पैसे नाहीत. तिनं पदराच्या गाठीतून पाचशे रुपये काढले. माझ्या हातात ठेवले, पण तिची बोटं नोटांवरून सुटेनात. "हे दान नाही. कष्टाचे हायेत. परत पाह्यजेत मले." मग सोडले.

मी देवळात गेले, नोटा देवीच्या पायाला लावल्या आणि बाहेर आले तर दगडावर कुणी नव्हतं. नाव, गाव काहीच विचारलं नव्हतं. देवळातले गुरव म्हणाले, अशी बाई आम्ही पाहिली नाही. चढताना झाडीत वाऱ्याचा आवाज येत होता. मी स्वतःशी म्हटलं, देवी होती. दुसरं काय म्हणणार? पण देवीचा जबडा असा कसा, हेही मनात येई. आणि देवी पैसे परत मागते का?

सासूबाईंना घेऊन मी औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तेच विचारलं, तंबाखू? मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "आणि मिश्री?"

"ती तर लावते. उपासाला पण चालते."

त्यांना हसू आलं, त्यांनी ते आवरलं. "मावशी, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच ना?"

तंबाखू मीच आणायची, मीच तव्यावर भाजायची, मीच वाटायची. सगळं ह्या हातांनी. तरी मला ते का दिसलं नसेल? सासूबाई मात्र ठसक्यात म्हणाल्या, "बाई, मिश्री लावू लावू मी म्हातारी झाली, मले तं काई झालं नाही!" डॉक्टरबाईंनी त्यांनाही तोंड उघडायला लावलं. त्यांच्या तोंडात खरंच काही नव्हतं. हेही मला कळलं नाही.

तुकडा काढून तपासला. कर्करोगच होता, पण लहान. हिरडीचा भाग, काही दात आणि हाडाची कड काढली. जबडा राहिला. डॉक्टरबाईंनी मला समजावलं की तुमचा आधीचा आजार अंगाची राखण कमी करतो, म्हणून तोंडाचा, घशाचा कर्करोग अशा माणसांना इतरांपेक्षा जास्त होतो. गोळ्या राखण करतात, पण तंबाखूपासून वाचवणं त्यांचं काम नाही. मी भीतभीत विचारलं, सरोवराच्या पाण्यानं वाढला का? त्या म्हणाल्या, "पाण्यानं नाही, वाट पाहण्यानं वाढला." घरी आल्यावर सासूबाईंनी मिश्रीची डबी स्वतःच उकिरड्यावर टाकली. आता त्या शेजारणीकडे जाऊन लावतात आणि मला कळत नाही असं समजतात.

पुढच्या नवरात्रात मी देवीची ओटी भरायला गेले. निंदणीच्या मजुरीतून पाचशे रुपये साठवले होते. ज्याचे त्याला द्यावे म्हणून पेटीत टाकू लागले, दोनशे टाकले आणि बाहेरून एक जड आवाज कानावर आला. नारळवाल्याशी भांडण चाललं होतं. "नारय हाय का सोनं रे हे!" मी धावत गेले आणि त्या बाईच्या पाया पडले.

"उठ वं माय, लोकं पाहून राह्यले. वाचली का तू? बरं झालं. पैसे आणले का?"

मी तीनशे दिले आणि दोनशे पेटीत टाकल्याचं सांगितलं. "काऊन?" म्हणाली. मी म्हणाले, मला वाटलं तुम्ही... तिला समजलं तशी ती अर्ध्या तोंडानं इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "देवीले बाजारात सांभार इकाव लागते का? पेटीतले तिचे. माहे दोनशे राह्यले."

लोणारच्या आठवडी बाजारात ती सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी विकते. त्या मंगळवारी ती खाली उतरणारच नव्हती. घरी जायची एसटी चुकली, दुसरीला वेळ होता, म्हणून उतरली. हे ऐकून माझा गोंधळ वाढलाच. बाई खरी. मग एसटी कुणी चुकवली? मी हे देवीला विचारलं नाही. एवढंच म्हणते, मी तुझ्यावर टाकलं असं म्हणून मी डोळे मिटून बसले होते आणि त्यालाच शरण जाणं समजत होते. आता वाटतं, तोंड उघड म्हटल्यावर उघडणं, हेही शरण जाणंच असेल. आता दवाखान्यात गेले की मी न विचारता तोंड उघडते. भीती अजून वाटते. कळत अजूनही सगळं नाही.

बाजाराच्या दिवशी थोडे थोडे करून मी तिचे पैसे देत गेले. शेवटची नोट तिनं उन्हाकडे धरून पाहिली, कमरेला खोचली आणि म्हणाली, "फिटले सारे. आता काई बाकी नाही." मी हात जोडले, पण तिच्याकडे गिऱ्हाईक आलं होतं आणि ती जुड्या मोजत होती.